काचेवरची टकटक

काचेवर आतून टकटक झाली तशी घराबाहेर उभ्या असलेल्या ग्लेंडा आणि रॉल्फ या दोघांनी दुर्बिणी डोळ्यांना लावल्या. खिडकीखालच्या फळीवर चिमणीएवढ्या चिकडी दाणे टिपत होत्या. पक्ष्यांसाठी झाडाला टांगलेल्या हरणाच्या बरगड्यांवर एक सुतारपक्षी चोच मारत होता. ज्याच्यासाठी ते आले होते त्या ब्रॅम्बलिंग पक्ष्याचा मात्र पत्ता नव्हता.

"कुठंय?" ग्लेंडा कुजबुजली.

"मला तरी दिसत नाही."

"तुला कशाला दिसायला हवा? सोमवारी डोळे भरून बघून गेलायस."

रॉल्फ हसला. नवऱ्याच्या या जुन्या पक्षीमित्राचं ते हसू ग्लेंडाच्या तीस वर्षं डोक्यात जात आलं होतं.

उत्तर मिनेसोटातल्या त्या दलदलीकाठी उर्हो लॅम्पिनन एकटाच राहायचा. जानेवारीत आशियाचा हा नारिंगी छातीचा पाहुणा वाट चुकून त्याच्या दाण्यांवर आला आणि मागोमाग माणसांची रीघ लागली. उर्होनं अंगणात दोर बांधला आणि पाटी लावली: दोर ओलांडू नका, दार वाजवू नका, पक्षी आला की मी काच वाजवीन. पक्षी भारी भित्रा होता. जरा कुणी हललं की तो समोरच्या झाडीत दडी मारायचा. म्हातारा दिवसभर खिडकीशी खुर्ची टाकून बसायचा, पक्षी आला की बोटानं दोनदा काच वाजवायचा आणि बाहेरच्यांना हात करायचा. शब्दाचा पक्का माणूस.

ग्लेंडाची ही चौथी खेप होती. तिचा नवरा हार्लन शरद ऋतूत गेला. इस्पितळाच्या खाटेवरही तो म्हणत होता, "ब्रॅम्बलिंग तेवढा बघायचा राहिला गं." तो पक्षी हार्लनसाठी बघायचा, एवढी एकच गोष्ट तिनं या हिवाळ्यात मनात धरली होती. आता हिवाळा सरत आला होता; दुपारच्या उन्हात छपरावरचं बर्फ टपटपायला लागलं होतं. पक्षी आज होता, उद्या असेलच असं नव्हतं.

पुन्हा टकटक. या वेळी दोनदा नाही, कितीतरी वेळा. फळीवरच्या चिकडी भुर्रकन उडाल्या.

"हे काय चाललंय याचं?" ग्लेंडा वैतागली. "पक्षी दाखवतोय की हाकलतोय?"

काचेमागे उर्होचा हात वर झाला. तोंडही हलत होतं.

"काहीतरी म्हणतोय," रॉल्फ म्हणाला. "आणि ग्लेंडा, धुराड्यातून धूर नाही. एवढ्या थंडीत शेगडी विझवून कोण बसेल? जाऊन विचारू का?"

"वा रे वा! तुझा बघून झाला, म्हणून तुला आता धुराची काळजी! पाटी वाचता येते ना? तू दोर ओलांडलास की पक्षी जो उडेल तो थेट सायबेरियात."

"अगं, पण..."

"रॉल्फ, हार्लनच्या आधी तू सगळं बघितलंस. निदान आज तरी माझ्या आड येऊ नकोस."

हे रॉल्फला लागलं, आणि लागावं म्हणूनच ती बोलली होती.

खिडकीत पुन्हा हात उठला. ग्लेंडानं हातमोजा काढला, ओठांवर बोट ठेवलं आणि म्हाताऱ्याला खूण केली: गप्प बसा, हलू नका. उर्हो तिच्याकडे बघत राहिला. मग त्याचा हात काचेवरून हळूहळू घसरत खाली गेला.

"बघ," ती म्हणाली. "माणसानं नीट सांगितलं की माणसाला कळतं."

थंडीनं पायांची बोटं बधिर झाली. बऱ्याच वेळानं झाडीतून एक पाखरू उतरलं. आधी बरगड्यांवर बसलं, मग फळीवर, आणि मग, आजवर कधी घडलं नव्हतं ते घडलं, ते थेट खिडकीच्या कठड्यावर येऊन बसलं. नारिंगी छाती उन्हात झगमगली. ग्लेंडानं कॅमेऱ्याची कळ दाबली, पुन्हा दाबली. "हार्लन," ती पुटपुटली आणि तिला रडू फुटलं.

रॉल्फनं तिच्या पाठीवर हात ठेवला. आजच्यापुरतं तिनं त्याला सगळं माफ केलं.

"हे बघ तरी," तिनं डोळे पुसत कॅमेरा त्याच्यापुढे धरला. "म्हाताऱ्याच्या नाकापासून वीतभर! आणि त्याची पापणीसुद्धा लवली नाही. बसावं कसं ते याच्याकडून शिकावं."

रॉल्फनं चित्र मोठं केलं. पक्ष्यावरून ते त्यानं वर, काचेमागच्या चेहऱ्यावर सरकवलं. तो तिथंच थांबला. मग कॅमेरा तिच्या हातात परत देऊन त्यानं दोर ओलांडला. कठड्यावरचा पक्षी उडाला.

"अरे, काय केलंस हे!" ती ओरडली.

रॉल्फ मागे न बघता दाराकडे धावत होता. "तो पक्षी दाखवत नव्हता, ग्लेंडा. तो आपल्याला बोलवत होता."