भागाकार

तोगझानच्या तोंडावर श्वास मोजायचा मुखवटा घट्ट बसला होता, पायांखालचा ट्रेडमिलचा पट्टा पळत होता आणि आता तिला दोनच गोष्टी बोलता येत होत्या. अंगठा वर, म्हणजे चालू द्या. पंजा उघडा, म्हणजे पुरे.

तिच्याबद्दल बोलायला मात्र खोलीत दोन मोकळी तोंडं होती.

"गेल्या वर्षी चोपन्न," सागिंदिक अगाय कागद फडफडवत म्हणाले. खेळशाळेत मास्तरांना अगाय म्हणत; स्केटिंग तेच शिकवायचे. "यंदा पन्नास गाठले तरी नशीब. आळस चढलाय अंगावर. घरून घोड्याचं मटण येतं ना!"

"आळस नाही, वय चढलंय." डॉक्टरीणबाई लिदिया अर्काद्येव्हनांनी पडद्यावरची नजर काढली नाही. बत्तीस वर्षं त्या पोरांचे श्वास मोजत होत्या. "तेरावं सरलं. वर्षात दहा किलो. तिचे बूट बघा, तीनदा बदललेत."

तोगझानने अंगठा वर केला. कुणी विचारलं नव्हतं.

हिशोब तिला पाठ होता. अंग मिनिटाला किती प्राणवायू ओढतं ते बघायचं, त्याला वजनाने भागायचं. उत्तर पन्नासच्या खाली आलं की वसतिगृहातली खाट दुसऱ्या मुलीची. वरचा आकडा पळून वाढवता येत होता. खालचा तिने न जेवता कमी करून पाहिला. दोन दिवस तिची थाळी शेजारच्या खाटेवरची मुलगी चाटूनपुसून खात होती. सकाळी काटा तरीही पन्नास किलोंवरच थांबला.

पट्ट्याने चढ घेतला. मुखवट्यात तिचाच श्वास तिच्याच तोंडावर आदळू लागला.

"पळ, पळ!" अगाय ओरडले. "तुझ्या निरोपाला गावानं अख्खं घोडं खाल्लंय. परत गेलीस तर ते काय ओकून देणार आहेत?"

तिचा अंगठा वरच होता. पाय कुठे गेले ते कळेनासं झालं. मग पंजा आपोआप उघडला.

पट्टा थांबला. डॉक्टरीणबाईंनी आकडे वाचले. "चोवीसशे पन्नास मिलिलिटर. गेल्या वर्षी एकवीसशे साठ होतं. इंजिन मोठं झालंय, सागिंदिक. गाडी जड झाली म्हणून इंजिनाला शिव्या कसल्या घालता?"

"भागून सांगा."

"एकोणपन्नास."

अगाय खुर्ची पुढे ओढून हळूच म्हणाले, "वजन एक किलो कमी लिहा. बरोब्बर पन्नास येतात. पोरगी चांगली आहे हो."

"आत्ता आळशी होती ना?"

"ते तिला पळवायला. लिहिता का?"

"लिहीन. तीन महिन्यांनी पुन्हा मोजायचंय. तेव्हा ती बावन्न किलोंची असेल. तेव्हा किती लिहू? की तिला एकोणपन्नास किलोंवरच ठेवू लग्न होईपर्यंत?"

"पन्नासचा तक्ता मी नाही केला, लिदिया अर्काद्येव्हना."

"मीही नाही. पण दोघंही त्याच्याच पगारावर आहोत."

त्यांनी मुखवट्याचे पट्टे सोडले. तोगझानच्या गालांवर, नाकावर लाल कडं उमटलं होतं. इतका वेळ अडवून ठेवलेलं बोलणं आता बाहेर पडेल म्हणून दोघंही थांबले.

"अपाय," बाईंना तिकडे म्हणत तशी हाक मारून तिने विचारलं, "मी अजून किती वाढणार?"

लिदिया अर्काद्येव्हनांनी तिच्या मनगटाची रुंद हाडं पाहिली, मोठाले पाय पाहिले. असले पाय कुणासाठी थांबत नसतात, हे त्यांना ठाऊक होतं.

"उंची मोजायची राहिलीये," त्या म्हणाल्या. "ये, भिंतीशी उभी राहा."

ती जाऊन टेकून उभी राहिली. लाकडी पट्टी डोक्यावर उतरली.

"नीट उभी राहा, पोरी."

"नीटच आहे."

ढगळ विजारीच्या आत तिने गुडघे जरासे वाकवले होते.