कुंदाबाई हसताना

रूपाने चित्रावरची चादर काढली आणि लोटननाना दचकून मागे सरकले. मागे दुसरं चित्र टेकवलेलं होतं, त्याला त्यांचं कोपर लागलं. त्यात एक म्हैस गॉगल लावून मोटारसायकलवर बसली होती. असली खोडकर चित्रं काढणं हा रूपाचा धंदाच. देवपुरातली तिची खोली असल्या चित्रांनीच भरलेली. पण मेलेल्या माणसाची थट्टा?

चित्रात कुंदाबाई आखाजीच्या सणाला बांधलेल्या झोक्यावर उभी होती. पदर डोक्यावरून घसरलेला, केस सुटलेले, आणि तोंड पार उघडून ती खदखदा हसत होती. वरच्या दातांच्या मधोमध काळं भोक.

"हाई मन्ही बायको नही," नाना म्हणाले.

वर्षश्राद्धाला हार घालायला चित्र हवं म्हणून ते चोपड्याहून एसटीने आले होते. फोटो होते घरात, पण लग्नापासून प्रत्येक फोटोत पदर नाकाच्या खाली ओढलेला. म्हणून तर मावशीकडे लहानाची मोठी झालेल्या या भाचीला सांगितलं होतं. कुंदाबाईच्या त्या मर्यादेचा नानांना भारी अभिमान. बाई असावी तर अशी, तोंडातून ब्र काढत नाही, असं ते चारचौघांत मिशीवर ताव देत सांगायचे.

"मावशीच आहे, नाना. अशीच हसायची."

"कव्हय?"

"तुम्ही मळ्यात गेलात की."

नानांनी पुढे होऊन त्या भोकावर बोट ठेवलं. रंग अजून ओला होता. बोट काळं झालं.

"इतलं बुजी टाक. तिना बठ्ठा दात व्हतात."

रूपा त्यांच्याकडे बघतच राहिली. "तो दात कितीतरी वर्षं नव्हता, नाना. तुम्हाला माहीत नाही?"

जिच्या हातचं आयुष्यभर खाल्लं, तिच्या तोंडात काय होतं ते ही पोर आपल्याला शिकवणार? नानांनी डोळे मिटून बायको आठवून पाहिली. ताट वाढणारे हात आले, बांगड्या आल्या, पायातली जोडवीसुद्धा आली. तोंड काही येईना. नाना घाबरले.

त्यांनी घाईघाईने मुलाला, प्रेमराजला, फोन लावला. उचलला सुनेने. सुनेशी नाना सहसा बोलत नसत, पण आज धीर निघेना.

"मोहिनी, तुन्ही सासूना पुढला दात पडेल व्हता का वं?"

 पलीकडून मोहिनी, दाराआडून बोलावं तशी, हळूच म्हणाली,

"कोणता इचारी राहिनात, नाना? वरना का खालना?"