दरवाज्यापाशी उभा घोडेस्वार

रोज सांजवात लावली की मी माझ्या मुलाचा, निमिषचा, गेम सुरू करते. त्यातला घोडेस्वार आमेरच्या किल्ल्यासारख्या एका दरवाज्यापाशी उभा असतो. हल्ली थोड्या वेळाने गेम आपोआप बंद पडायचा. शेजारी नव्याने आलेली भार्गवी गेमच्या कंपनीत आहे. गेम का बंद पडतो ते शोधणारं सॉफ्टवेअर तिने आमच्या कॉम्प्युटरवर चालवलं.

“काकू, तुम्ही काहीच दाबत नाही. घोडा नुसता उभा ठेवला की गेम अडकतो. मतलब, खेळावं लागतं हो,” असं म्हणत हसून तिने बटण दाबलं. घोडेस्वार दरवाज्यातून आत निघून गेला. “चाललं बघा. जुनं पुसून इथून सेव्हही झालं.”

“त्याला परत बाहेर आणता येईल का गं?” मी हळूच विचारलं. “निमिष गेला त्या सकाळी त्यानं त्याला तिथेच उभं केलं होतं.”