जास्तीचं टिंब

मुलीने खडू उचलला. बाईंनी श्वाससुद्धा बेताने घेतला, न जाणो, आवाजाने दचकून ठेवून द्यायची.

दुपारचा शेवटचा तास होता. या वर्गाची बाकीची मुलं मैदानावर सोडलेली, आत या दोघीच. शेजारच्या खोलीत मुख्याध्यापकांसमोर मुलीचे वडील बसले होते. रंगारी माणूस, नखांत निळा रंग. मुलीचं नाव शाळेतून काढायला आले होते. दाखल झाल्यापासून ही पोर शाळेत एक अक्षर बोलली नव्हती, आणि मुख्याध्यापकांचं म्हणणं, हिला मुक्या मुलांच्या शाळेत घाला.

"अहो, मुकी कुठली?" वडील मघाशी दारात काकुळतीला येऊन सांगत होते. "घरी गच्चीवर बसली की टकळी बंद होत नाही हिची. इथं आली की तोंडाला कुलूप."

"सही करायच्या आधी मला हा एक तास द्या," बाई म्हणाल्या होत्या.

आता बाईंबद्दल एक सांगायलाच हवं. त्यांना चेटूक येत होतं. दचकायचं कारण नाही, पाय सरळच होते आणि केसही रोज विंचरलेले असत. त्यांचं सगळं चेटूक डस्टरमध्ये मावायचं. ज्याचं दुखणं त्याने फळ्यावर लिहायचं आणि बाईंनी पुसायचं. फळ्यावरून गेलं की जगातून गेलं. कुणाची उचकी, कुणाचा खोकला, दोन मैत्रिणींमधला अबोला, असं किरकोळ काय काय त्यांनी पुसलं होतं. संध्याकाळी हात धुताना खडूचं पांढरं पाणी मोरीत जायचं, तेव्हा त्या बघत राहायच्या. कुणाकुणाचं काय वाहून चाललंय हे, असं मनात यायचं. कधी उदास वाटायचं, कधी नुसतीच झोप यायची.

काळजी एकाच गोष्टीची घ्यावी लागे. शुद्धलेखनाची. चेटकाला मनातलं वाचता येत नाही, त्याला लिहिलेलं तेवढंच कळतं. एकदा सर्दीने बेजार झालेल्या मुलाने घाईघाईत 'गर्दी' लिहिलं, बाईंनी न बघता पुसलं, आणि मधल्या सुट्टीत नळावर चिटपाखरू नाही. मुलगा आपला एकटाच शिंकतोय. तेव्हापासून बाई आधी तपासत आणि मगच पुसत.

"तुला जे नकोय ते लिही," त्यांनी मुलीला सांगितलं होतं. "बोलू नकोस. नुसतं लिही."

मुलगी टाचा उंचावून लिहू लागली. खडू करकरला. आधी 'भ' आला. बाईंना मनातून गुदगुल्या झाल्या. बरोब्बर! भीती! हेच तर पुसायचं होतं. मग वेलांटी आली, ती ऱ्हस्व. तिच्या डोक्यावर टिंब. मग 'ती'.

भिंती.

अगं बाई गं! 'पहिली दीर्घ, आणि टिंब कशाला?' हे वाक्य बाईंच्या जिभेवर तयारच होतं. जन्मभर तेच तर म्हणत आल्या होत्या. पण मुलगी खडू मुठीत आवळून त्यांच्याकडे बघत होती. आत्ता चूक काढली तर ही खडू खाली ठेवणार आणि पुन्हा जन्मात उचलणार नाही. बाईंनी वर्गाच्या भिंतींकडे पाहिलं. चांगल्या जाडजूड होत्या. शेजारून मुख्याध्यापकांचा आवाज आला, "हं, इथं करा सही."

पोरीची वाट लागण्यापेक्षा शाळेची लागलेली बरी, असं म्हणून बाईंनी डस्टर उचललं.

आवाज असा झालाच नाही. भिंती गेल्या. फळा होता तिथेच हवेत राहिला. घड्याळ टिकटिकत राहिलं. पाल बिचारी, आपण कशाला चिकटलोय याचा विचार करत थांबली. छप्पर पडलं नाही, कारण छप्पर कुणी लिहिलं नव्हतं. मैदानावरचा वारा बाकांमधून फिरायला लागला, त्याला गवताचा वास होता. एका वर्गातला सातचा पाढा दुसऱ्या वर्गातल्या आठच्या पाढ्यात मिसळत होता, आणि कुणालाच त्याचं काही वाटत नव्हतं. सगळी शाळा जरा झोपेत असल्यासारखी झाली. शेजारी मुख्याध्यापक हातात कपबशी आणि वडील हातात पेन धरून, दोघेही जिथल्या तिथे.

भिंतींना कान असतात म्हणतात. आता ते काम माणसांवर आलं.

"चुकलं माझं," बाई मुलीपुढे खाली बसत म्हणाल्या. "पुसायच्या आधी सांगायला हवं होतं. भीतीवर टिंब नसतं गं. पहिली वेलांटी दीर्घ. पुन्हा लिहूया, हं?"

मुलीने मैदानाकडे पाहिलं. आभाळाकडे पाहिलं. मग वडिलांकडे, मध्ये आता काहीच नव्हतं. तिने छाती भरून श्वास घेतला.

"बाई," ती म्हणाली, "मी भिंतीच लिहिलं होतं."

वडिलांच्या हातातलं पेन गळून पडलं. जन्मभर भिंती रंगवून पोट भरणारा माणूस तो, पण एका भिंतीचीही त्याने चौकशी केली नाही. निळी नखं तोंडावर दाबून तो नुसता ऐकत राहिला.

"बाई, अहो, या भिंती..." मुख्याध्यापकांना आत्ता कुठे कंठ फुटला.

"थांबा हो सर, तपासतेय," बाई म्हणाल्या. त्यांनी मुलीच्या मुठीतून खडू सोडवून घेतला आणि कोऱ्या फळ्यावर मोठीच्या मोठी बरोबरची खूण केली.