सात प्रश्न, चौदा नावं

राजधानी बिश्केकहून आलेल्या कागदावर सात प्रश्न होते. गेल्या दोन आठवड्यांत किती दिवस धास्ती वाटली, किती दिवस मन थाऱ्यावर नव्हतं, असे. प्रत्येक उत्तराला शून्य ते तीन गुण. साथीच्या वॉर्डातल्या प्रत्येक नर्सने एकेक कागद भरायचा होता.

"तूच भरून टाक सगळे," मोठे डॉक्टर मेट्रन अनारकुलला म्हणाले. "सगळीकडे शून्य. आपल्या इस्पितळात कुणी घाबरत नाही."

"साहेब, पोरी कपडे बदलायच्या खोलीत रडतात."

"रडू देत. कागदावर रडायचं नाही. आणि हजेरीपटावरचं एकही नाव सुटता कामा नये."

"एकही नाही?"

"एकदा सांगितलं ना!"

अनारकुलने चौदा नावांची अठ्ठ्याण्णव शून्यं काढली. डॉक्टरांनी न वाचताच सह्या ठोकल्या.

चार दिवसांनी, कागद पाठवणाऱ्या बिश्केकच्या बाईंचा फोन आला, तेव्हा डॉक्टर समोरच बसले होते.

"चौदाजणी, आणि एकीलाही भीती नाही? ताई, मला एकीशी तरी बोलू द्या. ही तुर्सुनाय आहे का तिथे?"

डॉक्टरांनी 'ठेव फोन' अशी खूण केली. अनारकुलने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"तुर्सुनाय याच वॉर्डात साथीने गेली, वीस दिवस झाले. साहेबांनी वर कळवलं नाही, म्हणून नाव अजून पटावर आहे."



"तिची शून्यं तेवढी खरी आहेत, बाई," अनारकुल पुढे म्हणाली. "बाकी तेराजणींना तुम्हीच विचारा."