उचलले की मिटलं

तानुबाईनं शाई लावलेला अंगठा कागदावर वीतभर उंच धरला होता आणि तो काही केल्या खाली येईना.

"पैसे कमी वाटतात का?" समोरच्या न्यायाधीश मॅडमनी विचारलं. "ही भरपाईची पहिलीच रक्कम आहे. रोशनीच्या नावावर बँकेत राहील. तिच्या शिक्षणाला, औषधपाण्याला."

शेजारी बाकावर तानुबाईची बारा वर्षांची लेक रोशनी खाली मान घालून बसली होती. पाड्यावरच्याच एका बाप्यानं तिच्यावर अत्याचार केला, त्याला वर्ष झालं. तेव्हापासून ती अशीच बसायची.

"एक पैसा नको," तानुबाई म्हणाली. "त्याला सुटू द्यायचा नाय मला."

मॅडमना आधी काही उमगेना. मग विचारता विचारता उलगडलं. हरसूलच्या पलीकडे, तानुबाईच्या पाड्यावर असलं प्रकरण पंचांपुढे मिटतं. ज्यानं केलं त्याच्या घरचे सुपात नोटा ठेवतात. पोरीच्या घरच्यांनी त्या उचलल्या की सगळे मिळून चहा पितात आणि पुन्हा त्या गोष्टीचं नाव काढायचं नाही. तानुबाईनं ते सूप लाथेनं उडवलं आणि थेट पोलीस ठाणं गाठलं. त्या दिवसापासून पाड्यावर तिच्याशी कोणी बोलत नव्हतं. एवढं सोसून नाशिकच्या कोर्टातही पुन्हा पैसेच पुढे आले म्हटल्यावर बाई बिथरणार नाही तर काय!

"हे त्याचे पैसे नाहीत," मॅडम म्हणाल्या. "खटला चालूच राहणार. हे सरकार देतं."

"सरकार?" तानुबाईला हे मुळीच पटेना. "सरकारनं काय वाईट केलंय आमचं? गुन्हा एकाचा, अन् भरायचं दुसऱ्यानं?"

मॅडम खुर्चीवरून उठल्या, टेबलाला वळसा घालून आल्या आणि रोशनीपुढे खाली फरशीवर बसल्या. जिच्यापुढे फौजदार ताठ उभा राहतो, ती एवढी मोठी बाई भुईवर! तानुबाई बघतच राहिली.

"बाळा, लेकरांना राखायचं काम आम्हा मोठ्यांचं," त्या म्हणाल्या. "ते आमच्याकडून झालं नाही. म्हणून हे पैसे."

रोशनीनं हळूच मान वर केली.

"म्हंजे... माझं नव्हतं चुकलं?"

तानुबाई चमकून पोरीकडे वळली. पोरीसाठी ती अख्ख्या पाड्याशी भांडली होती, पण पोरीला एवढं एक सांगायचं राहून गेलं होतं.