चालून दाखव

"सुईत दोरा ओव बघू," अक्कलकोटहून आलेल्या गुरम्मांनी फर्मावलं. त्या नवऱ्या मुलाच्या आत्या. मुलगी पारखण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नाही, असं त्यांच्या घरचेच सांगत.

दाक्षायणीनं एका झटक्यात दोरा ओवला आणि सुई परत दिली. नजर शाबूत आहे, हे ठरलं. त्याआधी तिला नाव विचारून झालं होतं, पुरण येतं का ते विचारून झालं होतं. केस खरे आहेत की गंगावन, हे तर गुरम्मांनी स्वतः वेणी ओढून पाहिलं होतं. नवरा मुलगा कोपऱ्यात बसून चिवडा खात होता. त्याच्या हातात कोणी सुई दिली नाही.

भिंतीवरच्या घड्याळात पाच वाजून गेले होते. संध्याकाळच्या गाडीनं शाळेच्या मुली सोलापूर सोडणार होत्या. दोनदा गाडी बदलून रक्सौल, तिथून नेपाळ, आणि मग नुसतं पायी, हिमालयाच्या अंगाखांद्यावरून. त्या मुलींच्या यादीत दाक्षायणीचं नाव होतं. महिनाभर ती त्या डोंगरांखेरीज दुसरं काही बोलत नव्हती.

तसा हा बघण्याचा कार्यक्रम ठरला तो रेल्वेच्या पुलामुळे. सोलापुरात चढ म्हणावा असा तो एवढाच. डोंगराची सवय व्हावी म्हणून मुलींना घेऊन जाणाऱ्या शाळेतल्या विजयमालाबाई रोज सकाळी मुलींच्या पाठीवर विटांच्या पिशव्या देत आणि त्यांना पुलाच्या पायऱ्या चढायला-उतरायला लावत. येणारेजाणारे फिदीफिदी हसत. एका सकाळी गुरुसिद्धप्पाकाका तिथून चालले होते. आपली पुतणी पायात एनसीसीचे जुने बूट घालून, ओझ्यानं वाकून पूल चढते आहे, हे पाहून त्यांच्या अंगाचा तिळपापड झाला.

"परदेशात डोंगर चढत फिरनार व्हय गं? उद्या करून कोन घेनार तुला?" त्यांनी त्याच दिवशी अक्कलकोटला निरोप धाडला, आणि पाहुण्यांना बोलावलं ते नेमकं गाडीच्याच दिवशी. बाहत्तरच्या दुष्काळात हीच पोर डोक्यावर घागर घेऊन पार मळ्यातल्या विहिरीपर्यंत जायची. तेव्हा तिच्या चालण्यानं घराण्याची अब्रू जात नव्हती. काकाही तेच पाणी पीत होते.

दाक्षायणीचे वडील मल्लप्पा वारले, तेव्हापासून घरात काकांचा शब्द शेवटचा. आई सुंदरम्मा, दाक्षायणीची अव्वा, तर थोरल्या दिरासमोर उभीही राहायची नाही. काही सांगायचंच झालं तर दाराआडून, लेकीच्या तोंडून. तरी आज अव्वा एखादा शब्द टाकेल, अशी दाक्षायणीला वेडी आशा होती. अव्वानं उलटंच केलं. सकाळी लेकीची भरलेली पिशवी उचलली आणि परत केल्यासारखी स्वतः विजयमालाबाईंच्या घरी नेऊन दिली. खाटेखालचे बूटही दिसेनासे झाले. दुपारी इरकली लुगडं नेसवलं, तेही इतकं आखूड की घोटे उघडे पडले.

"अव्वा, लई वर झालंय."

"आसू दे," म्हणत सुंदरम्मा चुलीकडे निघून गेली.

दाक्षायणीला रडू आलं नाही. तिला संताप आला, आणि काकांपेक्षा आईचा जास्त आला.

"आता चालून दाखव, पोरी," गुरम्मा म्हणाल्या. "हितनं त्या दारापतुर. लंगडत न्हाईस न्हवं?"

बैठकीत हशा पिकला. काका लोडाला टेकून कौतुकानं म्हणाले, "चाल की. पायानं लई दणकट हाय आमची पोर."

दाक्षायणी उठली. चादरीवरून उतरून थंड फरशीवर आली. दारापर्यंत जायचं, वळायचं, परत येऊन खाली मान घालून बसायचं. मग जन्मभर कोणी ऊठ म्हणालं की उठायचं आणि बस म्हणालं की बसायचं. अर्ध्या वाटेवर तिनं मनाशी ठरवलं, वळायचं नाही. पिशवी नसली तर नसली. अनवाणी तर अनवाणी.

उंबऱ्याबाहेर पाहुण्यांच्या वहाणांची रांग लागली होती. त्या रांगेच्या टोकाला तिचे बूट होते. तेल चोळून मऊ केलेले, नाड्या सैल सोडलेल्या, आत धुतलेले मोजे. शेजारी फडक्यात बांधलेल्या कडक भाकऱ्या होत्या, आणि गाठीतून शेंगाचटणीचा वास येत होता.

ती पायरीवर बसली. नाड्या तिनं बाईंनी शिकवल्या तशाच आवळून बांधल्या.

"काय करतीस तितं?" आतून काकांचा आवाज आला.

तिनं फडकं काखेत मारलं आणि रस्त्याला लागली. आखूड लुगडं बुटांत एकदाही अडकलं नाही.

"दाक्षायणी, कुटं चाललीस?" काका ताडकन उठून दाराकडे धावले.

दारात सुंदरम्मा उभी होती. चुलीपासून ती कधी आली ते कोणालाच कळलं नव्हतं. डोक्यावरचा पदर जागच्या जागी होता, आणि चौकटीच्या दोन्ही बाजूंना हात टेकलेले होते. लग्न होऊन या घरात आल्यापासून ती पहिल्यांदाच थोरल्या दिराच्या डोळ्यांत बघून बोलली.

"तुमीच चाल म्हनला की, भावजी. चालून दाखवतीय ती. पिशवी सकाळीच फुडं गेलीया. बसा तुमी, च्या ठिवते. लई लांब चालायचं हाय तिला."